जपून ठेवलेले बूट

पोस्टमनच्या बायकोने स्टुलावर चढून कपाटावरचं खोकं खाली काढलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते, आणि पोस्टमन काय ते समजला. आता सुटका नाही.

खोक्यात बूट होते. जाड तळाचे, लाल नाडीचे. नऊ वर्षांपूर्वी लेकीने पहिल्या पगारातून बापासाठी घेतलेले. नऊ वर्षांत ते पायात गेले एकदाच, माप बघायला, तेही पलंगावर बसून.

तेव्हा पोस्टमन नोकरीत होता. म्हणाला होता, "उद्यापासून हेच घालतो." त्यावर त्याची बायको म्हणाली, "चिखल तुडवायला घेतलेत का पोरीने? राहू देत चांगल्या कामाला." चांगलं काम काही उगवलं नाही. सात वर्षं पोस्टमनने जुन्या चपलांवर घरोघरी पत्रं टाकली, निवृत्त झाला, आणि बूट आपले कपाटावर. वर्षातून दोनदा बाई ते उतरवायच्या, कोरड्या फडक्याने पुसायच्या, कागदात गुंडाळायच्या आणि खोक्याला सुतळीच्या दोन गाठी मारायच्या. ती गाठ त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ना मारता येते, ना सोडवता.

पोस्टमनीणबाई म्हणते त्यांना सगळी इमारत. त्यांच्या घराची रीतच अशी. नवी किटली खोक्यात आणि चहा टवका उडालेल्या किटलीत. नव्या चादरी ट्रंकेत आणि अंगाखाली विरलेल्या. कोणी बोललंच तर उत्तर तयार, "जपून वापरलं म्हणून चाळीस वर्षं संसार टिकलाय. तुमच्यासारखं रोज नवं काढलं असतं तर नवराही बदलायला लागला असता."

तर त्या नवऱ्याचंच दुखणं होतं. पस्तीस वर्षं पायाला भिंगरी लावून फिरलेला माणूस, निवृत्त झाला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत रुतला तो रुतलाच. दोन वर्षं. फिरायला जा म्हटलं की विचारायचा, "कोणाकडे जाऊ? हातात पत्र नाही, पार्सल नाही. उगाच कोण चालतं?" बाई ओरडल्या, रुसल्या, एकदा तर खुर्चीच लपवली. हा पलंगावर बसला.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या नर्सने तोड काढली. "आमचा टेकडीवर जाणाऱ्यांचा गट आहे, काकू. एकाआड एक रविवार. फी नाही, शर्यत नाही. वाटेल त्याने यावं. पाणी आपलं, डबा आपला, आणि कचरा आपला आपण परत आणायचा."

"काय हो," बाई नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

पोस्टमन म्हणाला, "एकदा येतो. एकदाच. फजिती झाली तर पुन्हा ह्या विषयावर ब्र काढायचा नाही. खुर्ची माझी, खिडकी माझी, मरेपर्यंत."

"कबूल," बाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, फजिती व्हायला मी काय मेलेय?

त्या सकाळी दारामागे पोस्टमनने बराच वेळ चाचपडून बघितलं. "माझ्या चपला कुठेत गं?"

"गेल्या खड्ड्यात. बूट घाला. पोरीने फोटो मागितलाय, बूट घातलेला."

"आणि ही पिशवी एवढी जड कशाने? धोंडे भरलेत?"

"तुम्हाला काय करायचंय? पिशवी मी उचलणारेय. तुम्ही पायांकडे बघा."

टेकडीच्या पायथ्याशी चौदा माणसं जमली होती. गटाचा म्होरक्या बूट-चपला दुरुस्त करणारा होता, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. सर्वांच्या मागे चालायचं काम एका निवृत्त हेडबाईंचं. खांद्याला गोणपाटाची पिशवी, हातात चिमटा. वाटेत कोणाचं काही पडलं की उचलायचं, आणि ज्याचं असेल त्याला चारचौघांत झापायचं.

उस्तादाची नजर माणसाच्या तोंडाआधी पायाकडे जायची. "वा, काका! बूट भारी आहेत. किती वर्षांचे?"

उत्तर बाईंनी दिलं. "नऊ! आणि एक ओरखडा दाखवा."

"किती वापरलेत?"

"एकदाही नाही!"

उस्तादाचा चेहरा जरा पडला. "मग काकू, मी काय म्हणतो, एकदा वाकवून बघू का तळ..."

"हात लावायचं काम नाही. तुमच्या हाताला डिंक असेल," असं म्हणून बाईंनी नवऱ्याला पुढे ढकललं. उस्ताद गप्प झाला. चांगल्या माणसाचा हाच दोष. ऐन वेळी गप्प बसतो.

पहिला अर्धा तास झकास गेला. वाट झाडीतून वळत होती. एका वळणावर खालची घरं दिसली आणि पोस्टमन आपोआप थांबला. "ते निळं छप्पर दिसतंय ना, तो बारा नंबर. कुत्रं चावरं. आणि शेजारची ती गॅलरी, तिथली म्हातारी पत्र हातात घ्यायच्या आधी पाणी विचारायची." दोन वर्षांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता. बाईंनी मान वळवून डोळ्यांना पदर लावला आणि लगेच नर्सला सांगितलं की धूळ गेली.

त्याच वळणाच्या पुढे उजवा पाय अचानक हलका झाला. पोस्टमनने मागे वळून बघितलं. बुटाचा तळ वाटेवर उताणा पडला होता, मेलेल्या पालीसारखा.

आता, शहाणा माणूस ओरडला असता. पण दहा पावलं पुढे बायको नर्सला सांगत होती, "वस्तू जपायला अक्कल लागते. नऊ वर्षं, बाई! अगदी तळहाताच्या फोडासारखे." पोस्टमनने तोंड उघडलं आणि मिटलं. चौदा माणसांत आपल्या बाईचं नाक कापायचं, ते त्याच्याच्याने होईना. परत फिरून तळ उचलावा, तर मागून हेडबाई चिमटा घेऊन येत होत्या. त्याने पाय गवतात घातला आणि चालू लागला.

"थांबा सगळे!" हेडबाईंचा आवाज आला. "हे कोणाचं?" चिमट्यात तळ लोंबत होता.

कोणी बोलेना. बोलल्या त्या पोस्टमनीणबाईच. "अगंबाई! तळ गळून पडला तरी पत्ता नाही? काय माणसं असतात! दोन पैसे मिळाले की आणायचं, पायात घालायचं, फाडायचं, फेकायचं. ह्याच्या बायकोचं लक्ष कुठे होतं म्हणते मी?"

"असेल बिचारीचं दुसरीकडे," पोस्टमन हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला आयतं मिळालंय, तुम्हाला काय कळणार?"

मंडळी पुढे निघाली. आता डावा तळ अर्धा सुटला आणि पावलागणिक वाजायला लागला. फटक. फटक.

"काय हो, कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"पोट वाजतंय."

हे नर्सने ऐकलं. "पोट? काका, सकाळी काय खाल्लंत?" तेवढ्यात उजव्या पायाखाली खडा आला आणि पोस्टमन एका पायावर नाचला. "गुडघा, गुडघा," तो घाईने म्हणाला. नर्स म्हणाली, त्या दगडावर बसा बघू. बसला असता तर दोन्ही पाय पुढे आले असते. "नको," तो म्हणाला, "बसलो की कंबर धरते."

एका मिनिटात पोट, गुडघा, कंबर! नर्सने मनगट धरून नाडी बघायला घेतली. कोणी पाणी आणलं, कोणी सावली केली, एकाने विचारलं की दोन काठ्यांना चादर बांधून उचलायचं का. पोस्टमन भर उन्हात, गुडघाभर गवतात, खांबासारखा उभा. अंगाला दरदरून घाम, तो लाजेचा. नर्सला वाटलं काळजाचा.

पोस्टमनीणबाईंचा तोंडाचा पट्टा बंद पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "चला परत. माझंच चुकलं, बळेच ओढून आणलं. खुर्ची तुमची, खिडकी तुमची. नाही काढणार ब्र."

म्हणजे पोस्टमन जिंकला होता. जे मागितलं ते पदरात पडलं होतं. पण त्याने वर टेकडीच्या माथ्याकडे बघितलं, खाली निळ्या छपराकडे बघितलं, आणि लहान पोरासारखा म्हणाला, "नाही. मला वर जायचंय."

"अहो, पण तुम्हाला उभं राहवत नाहीये!"

"उभंच राहवतंय. बसवत नाहीये."

"हा काय चावटपणा?"

तेवढ्यात मागून हेडबाई आल्या. चिमट्यात दुसरा तळ. "घ्या. जोडी जमली."

उस्तादाने दोन्ही तळ हातात घेतले, वास घेतला, नखाने टोकरले. भुगा पडला. तो गंभीर झाला. "दोन्ही गेलेत, म्हणजे आपल्यातलं कोणीतरी अनवाणी चालतंय. पाय कापेल. लाजू नका. सगळ्यांनी एकेक पाय मागे उचला."

चौदा माणसं नाल ठोकायला आणलेल्या घोड्यांसारखी उभी राहिली. पोस्टमनीणबाईंना एवढ्या काळजीतही राहवलं नाही. "आधी ह्यांचा बघा," त्या म्हणाल्या, "म्हणजे लोकांना कळेल बूट कसे ठेवायचे असतात." आणि वाकून त्यांनी स्वतःच नवऱ्याचा घोटा धरून पाय वर केला.

वर लाल नाडी, चकचकीत चामडं, एक ओरखडा नाही. खाली मोजा. मोजाही जुनाच, कारण नवे ट्रंकेत होते. त्याच्या भोकातून पोस्टमनची टाच सगळ्यांकडे बघत होती.

कोणीतरी खोकलं.

"माझी चूक," पोस्टमन मोठ्याने म्हणाला. "हिचा काही दोष नाही. ही दुपारी झोपली की मी गुपचूप बूट काढायचो आणि घालून फिरायचो. रोज! नऊ वर्षं! झिजले. हिने जपले, मी वाट लावली."

बाया नवऱ्यांकडे बघून माना हलवायला लागल्या. हेडबाईंनी तर "पुरुषांना काही म्हणून कळत नाही" असं म्हणूनही टाकलं. बाईंची अब्रू वाचली होती. पण उस्तादाला नको तेव्हा कंठ फुटला.

"काका, खोटं कशाला बोलता? रोज घातले असते तर हे झालंच नसतं. हा तळ पायाखाली राहिला तर टिकतो. नुसता ठेवला की आतल्या आत कुजतो. वरून दिसतो नवा, आणि चार पावलं टाकली की गळून पडतो."

नवऱ्याचं खोटं पोस्टमनीणबाईंना आधीच कळलं होतं. ते खोकं उघडायचं म्हणजे त्यांची गाठ सोडवायला हवी, आणि ह्या माणसाला स्वतःच्या नाडीची गाठ धड सुटत नाही. त्या एकदा तळाच्या भुग्याकडे बघत राहिल्या, एकदा नवऱ्याकडे. दोन वर्षं खुर्चीत ठेवलेला माणूस. वरून तसाच, एक ओरखडा नाही.

मग त्या खाली बसल्या, जड पिशवीत हात घातला आणि तळातून कागदात गुंडाळलेलं पुडकं काढून नवऱ्यापुढे आपटलं. त्यात त्याच्या जुन्या चपला होत्या.

"ह्या कशा आल्या गं?" पोस्टमन थक्क.

"वाटेत चिखल लागला असता," बाई मान खाली घालून म्हणाल्या, "तर बूट काढून ह्या घालायला लावणार होते. बूट खराब झाले असते ना."

आधी हेडबाई हसल्या. मग सगळी टेकडी हसली. बाईंनी रागाने सगळ्यांकडे बघितलं, आणि मग पदर तोंडावर धरून त्याही अशा हसल्या की नर्सला त्यांचीच नाडी बघावी लागली.

पोस्टमनने चपला पायात सरकवल्या. अंगठा अंगठ्याच्या खळग्यात बसला, टाच टाचेच्या. पोट गेलं, गुडघा गेला, कंबर गेली. तो निघाला तो दोन वळणांत सगळ्यांच्या पुढे. "काका, शर्यत नाहीये!" उस्ताद मागून ओरडला. "मला कुठे येतंय हळू चालायला?" वरून उत्तर आलं. माथ्यावर लेकीसाठी फोटो काढला. नर्स मागे सरकायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "पुरे तिथूनच. गुडघ्याच्या वरचा घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन दारामागे चाचपडत होता.

"कुठे निघालात?"

"सहज. एक चक्कर मारून येतो. चपला दिसत नाहीत."

दोन वर्षांत घरात "सहज" हा शब्द पहिल्यांदा आला होता. पण बाईंनी तसं दाखवलं नाही. त्यांनी हनुवटीने कपाटाकडे खूण केली. वर बुटांचं खोकं होतं. सुतळीच्या दोन गाठींसकट.

"अगं, त्यात चपला ठेवल्यास?"

"मग? आता पंधरा दिवसांनी टेकडीला लागतील. तोवर नीट राहायला नकोत?"

"आणि तोवर मी काय घालू?"

बाईंनी ट्रंक उघडली आणि सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या कोऱ्या सपाता काढून त्याच्यापुढे टाकल्या. "ह्या घाला. वस्तू ठेवून ठेवून कुजतात, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

पोस्टमन खाली बसला. एक सपात हातात घेऊन त्याने तळ हळूच ओढून बघितला.

"ओढू नका!" बाई ओरडल्या. "नव्या आहेत!"

तो पायात सरकवून निघाला. बाई जिन्याच्या कठड्यावरून वाकून ऐकत राहिल्या. खालच्या मजल्यापर्यंत फटक, फटक असा आवाज येत गेला. मग फक्त एका पायाचा.

पण पावलं काही परत फिरली नाहीत.