फ्रान्सियम मुंबईला दिलं

यंदाची रस्सीखेच गाववाले हरले. पण ती झालीच नाही, असं वाडीने एकमताने ठरवलंय. तेव्हा न झालेल्या रस्सीखेचीत काय झालं, ते ऐका.

उमरठच्या वरच्या अंगाच्या या वाडीत मे महिन्यातल्या पूजेच्या आदल्या दिवशी गाववाले विरुद्ध सुट्टीला आलेले मुंबईकर असा सामना होतो. हरेल त्याने पूजेच्या जेवणाचे टोप घासायचे. टोप असे, की आत उतरून घासावे लागतात! गाववाले सात वर्षं हरले नव्हते, कारण दोराच्या टोकाला महिपत असायचा. महिपत म्हणजे सदरा घातलेली भाताच्या पेंढ्यांची उडवीच!

यंदा कप्तान होता मंगेश. तो महाडला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. समोरच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. रोज आठ तास तो बघून मंगेश शास्त्रज्ञ झाला होता.

"यंदा शास्त्राने जिंकायचं!" तो म्हणाला. "विद्युतऋणता म्हणजे दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद. तक्त्यात उजवीकडे जावं तशी ओढ वाढते, खाली उतरावं तशी घटते. उजवीकडे वर फ्लोरीन. अणू एवढासा, पण ओढीत सगळ्यांचा बाप! तो आपला चंदू."

बेचाळीस किलोच्या चंदूने छाती फुगवली. फरक पडला नाही.

"त्याच्या पलीकडे राजवायू. ते कशातच पडत नाहीत."

सगळ्यांनी फणसाखाली घोरणाऱ्या चांगूकडे बघितलं.

"आणि डावीकडे तळाला फ्रान्सियम. अंगाने अवाढव्य, ओढ सगळ्यात कमी."

सगळ्यांनी महिपतकडे बघितलं.

"मी काय केलं रे?" महिपत कळवळला.

"दादा, तुमचा दोष नाय. जागाच तळाची हाय."

मुंबईकरांत एक गडी कमी होता. मंगेशने महिपतला देऊन टाकलं!

"माझा नवरा काय फणस हाय, कुणालापन द्यायला?" महिपतची बायको तुळसा कडाडली.

"अरे, मी पोलादपूरच्या पुढं गेलो नाय कधी!" महिपत म्हणाला.

"डोन्ट वरी, काका!" मुंबईकरांचा कप्तान सार्थक म्हणाला. "आजपासून तुम्ही दादरचे!"

टोकाला चंदू, कमरेला दोर. शिट्टी वाजली. महिपतने ओढलंच नाही. तो रुसला होता. दोर हातात धरून तो धप्पकन खाली बसला, बस्स! अख्खा गाव सरपटत गेला आणि चंदू हवेतून येऊन थेट महिपतच्या मांडीत!

"बघा!" धुळीतून मंगेश ओरडला. "फ्लोरीन-फ्रान्सियमची जोडी जमली! शास्त्र खरं ठरलं!"

"ठरलं ना? मग हे घे," म्हणत तुळसाने त्याच्या हातात राख आणि नारळाची शेंडी दिली.

पूजा छान झाली. जेवण त्याहून छान. दुपारी मंगेश टोपात उतरला. आत गारवा होता, बुडाला थोडी खीरही होती. महिपत वरून पाणी ओतत होता. रुसवा दोन वाट्या खिरीतच गेला होता. हात पुसून मंगेशने तिथूनच अर्ज लिहिला :

'मा. सरपंच यांस, विषय : मूलद्रव्यांच्या जागा बदलून मिळणेबाबत. फ्रान्सियम हे मूलद्रव्य तळातून काढून फ्लोरीनच्या जागी बसवण्यात यावे. तसेच त्यास वाडीचा रहिवासी दाखला परत देण्यात यावा. सदर बदल पूजेच्या आदल्या दिवसापासून लागू धरून रस्सीखेच झालीच नाही असे मानावे, ही नम्र विनंती.'