डिस्पॅचचा माणूस

विल्सनकाका साळवे नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. ते विचारतात, "तुम्ही जाणारे की पाठवणारे?"

हा प्रश्न त्यांनी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला विचारलाय, दातांच्या डॉक्टरांना विचारलाय (तेव्हा काकांच्याच तोंडात कापूस होता), आणि डोंबिवलीत एका लग्नात नवऱ्या मुलीच्या मामालाही विचारलाय. मामा दचकून म्हणाले, "अहो, आम्ही मुलीकडचे." काका गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे पाठवणारे. छान, छान."

काका विठ्ठलवाडीला स्टेशनजवळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीचं डिस्पॅच खातं सांभाळलं. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. काकांना मूलबाळ नाही आणि बागेला जागा नाही. त्यांनी डिस्पॅच उचललं आणि आमच्या मंडळीत आणून ठेवलं. मंडळी म्हणजे आमचं चर्च. ते दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये भरतं, आणि पाळकांच्या डोक्यामागे फळ्यावर बहुतेक वेळा कुणाचं तरी अर्धवट भागाकाराचं गणित असतं.

"प्रभूने शिष्यांना काय सांगितलं?" काका विचारतात. "जा. 'सोय बघून जमलं तर जा' असं म्हणाला का? माल गोडाऊनला पडून राहिला की काय होतं? गोळे होतात. मग हातोड्याने फोडावा लागतो. ख्रिस्ती माणसाचंही तेच. डिस्पॅच होऊ दे!"

मला हे ऐकायला फार आवडायचं. मी सुवार्तेच्या, म्हणजे येशूचा संदेश सांगणाऱ्या, पत्रिकांवर वाढले. आमच्या घरी बाबा शबनममध्ये पत्रिकांचे गठ्ठे ठेवायचे, आणि प्रत्येक पत्रिका 'आजच निर्णय घ्या' असं म्हणून संपायची. मिशनचा विषय निघाला की घड्याळ बघणारे आणि हॉलच्या एसीचा विषय निघाला की मत मांडायला उभे राहणारे जे लोक असतात, त्यांच्याबद्दल मला अजूनही काही बरं बोलता येत नाही. बोलायचंही नाही. तर मी मंडळीच्या मासिकात लिहिलं की खरे ख्रिस्ती म्हणजे जाणारे, बाकी सगळी गर्दी.

दुसऱ्या दिवशी काका मासिक घेऊन आमच्या दारात.

"ए पत्रिका!" ते मला याच नावाने हाक मारतात. "ट्रक सुटला की तू फक्त ड्रायव्हरला टाळ्या वाजवणार? भरला कुणी? पत्ता कुणी घातला? पोचला की नाही म्हणून फोन लावत कोण बसलं? देणारा, प्रार्थना करणारा, मागे राहिलेल्यांच्या घरी भाजी नेऊन देणारा, हे सगळे काय गर्दी?"

"पण काका, निघावं तर लागतंच ना कुणाला तरी."

"लागतं. मग तू कधी निघतेस?"

माझी एम.ए.ची परीक्षा होती. मी त्यांना चहा दिला.

काका स्वतः पाठवणारे. मंडळीतून कुणीही सेवेला निघालं की त्याचं सामान काका बांधतात. खोक्याला प्लास्टिकची पट्टी, पट्टीला लोखंडी क्लिप, वर परत चिकटपट्टी. ते खोकं ट्रकखाली सापडलं तर ट्रकला लागेल. मेळघाटातल्या एका शाळेवर शिकवायला गेलेल्या जोडप्याने कळवलं की खोकं उघडायला गावच्या लोहाराला बोलवावं लागलं. काकांनी तो मेसेज उपासनेत मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "म्हणजे व्यवस्थित पोचलं."

माणसाच्या बाबतीत मात्र ते कधी जबरदस्ती करायचे नाहीत आणि करूही द्यायचे नाहीत. आमच्यातला एक उत्साही तरुण वाटेत लोकांना अडवून येशूबद्दल साक्ष द्यायला लागला, तेव्हा काकांनी त्याची कॉलर धरून त्याला बाजूला घेतलं. "माल दारात ठेवायचा असतो बाळा. गळ्यात नाही बांधायचा."

एकदा त्यांनी आम्हा तरुण मंडळींना 'मिशनची सवय' म्हणून खडवलीला नेलं. स्टेशनपासून पुढच्या वाडीपर्यंत सामान पाठीवर, मोबाइल बंद, कुरकुर मनाई. जेवणाची मोठी पेटी काकांनी स्वतः बांधली होती. नदीकाठी पोचलो, भुकेने डोळ्यापुढे काजवे, आणि पेटी काही उघडेना. कटर काकांच्या घरी, टेबलावर. दगडाने ठोकून झालं, दाताने ओढून झालं. शेवटी शेतातून परतणाऱ्या एका मावशींनी कोयत्याने पट्टी तोडली. आतली पुरीभाजी पार लगदा झाली होती. मावशी आत डोकावून म्हणाल्या, "ह्ये खाणार? चला घरी." त्यांनी आम्हाला गरम भाकऱ्या आणि ठेचा वाढला. काका मांडी घालून जेवताना म्हणाले, "बघा रे. जाणाऱ्याला जेवू घालणारं माणूसही प्रभू आधीच पाठवून ठेवतो." आम्ही म्हटलं, "काका, कटर पण पाठवायचा होता."

असे काका. आणि त्यांच्या अगदी उलट करुणाकाकू. काकू महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या. मोजकं बोलायच्या. घरी काकांची आई, नव्वदीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं काकूच करायच्या. आम्ही आजींना भेटायला गेलो की काकू आमच्या हातात लसूण सोलायला द्यायच्या, इतकाच संवाद.

काकू रिटायर झाल्या आणि एका रविवारी साक्षीच्या, म्हणजे मनातलं सांगायच्या वेळी उभ्या राहिल्या. हे पहिल्यांदाच घडत होतं.

"नंदुरबारकडे डोंगरात एक लहानसं मिशन हॉस्पिटल आहे," त्या म्हणाल्या. "तिथल्या मुलींना नर्सिंग शिकवायला कुणी नाही. मला सारखं वाटतंय की प्रभू मला तिकडे बोलावतोय. तिथे एखादं वर्ष तरी राहावं लागेल." आणि खाली बसल्या.

सगळा हॉल काकांकडे बघायला लागला. आता गर्जना होणार, डिस्पॅच होऊ दे! काका शेजारच्याला हळूच म्हणाले, "पाणी आहे का?"

त्यानंतर काही दिवस काकांनी तो प्रश्न विचारणं बंद केलं. गॅसवाल्याने स्वतःहून विचारलं, "काका, आज काय नाय विचारत?" तर म्हणाले, "सिलिंडर आत ठेव."

आजींमुळे दोघांपैकी एकाने घरी राहणं भागच होतं. जायचं तर काकूंनी एकटीनेच. मी एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा तोच वाद चालू होता.

"तिकडे डास आहेत," काका म्हणाले.

"मेळघाटात नव्हते?" काकूंनी कुकरचं झाकण लावता लावता विचारलं.

"ती मुलं तरुण होती. तुला बीपी आहे."

"अहो, हॉस्पिटलात चाललेय मी. बीपीची गोळी तिथे नाही मिळाली तर कुठे मिळणार?" मग काकू कुकर सोडून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "लोकांच्या लेकरांना जा, जा म्हणून पाठवलंत. घरातलं माणूस निघालं की तुमचा ट्रक बंद पडला? तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. पण एकदा तोंडाने म्हणा, नको जाऊस."

काकांनी 'नको' म्हटलं नाही. 'जा'ही म्हटलं नाही. निरोपाच्या उपासनेचा रविवार आला तरी काही म्हणाले नाहीत. काकूंची बॅग काकूंनीच भरली.

निरोपाच्या उपासनेची आमची एक पद्धत आहे. जाणारा पुढे उभा राहतो, पाळक विचारतात, "याला कोण पाठवतं?" आणि सगळ्यांनी म्हणायचं, "आम्ही पाठवतो." सुरुवात नेहमी काका करणार. त्यांचा आवाज असा की पाळक तेवढ्यापुरता माइक बाजूला धरतात.

काकू पुढे उभ्या राहिल्या. पांढरी साडी, पायात नवे बूट. काका त्यांच्या शेजारी.

"हिला कोण पाठवतं?"

पाळकांनी सवयीने माइक बाजूला धरला.  काकांशिवाय सुरू कसं करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. पाळकांनी घसा साफ केला, पण परत विचारायचा त्यांनाही धीर होईना.

काकू काकांकडे वळल्या. हळूच म्हणाल्या, पण पुढच्या रांगेतल्या आम्हाला ऐकू आलं. "अहो, म्हणा की. तुमच्याशिवाय नाही निघवणार मला."

काकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग काकूंच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आम्ही पाठवतो." इतक्या बारीक आवाजात की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणाले?" पुढच्या रांगेने मागच्यांना सांगितलं, आणि मग सगळा हॉल एकदम म्हणाला.

काकू गेल्या. आता तिकडच्या मुलींना त्या बहुधा लसूणही सोलायला लावत असतील. डोंगरात फोन लागत नाही, म्हणून काकू संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढतात आणि तिथून बोलतात. मंडळीतल्या बायकांनी आजींसाठी आळीपाळीने येणं सुरू केलंय. मीही जाते.

परवा संध्याकाळी गेले तेव्हा काका उभ्याउभ्याच आजींना मऊ भात भरवत होते. गळ्यात काकूंचा स्वयंपाकाचा एप्रन, दाढीला भाताचं शीत.

"इल्सन," आजींनी विचारलं, "करुणा कुठं गेली रं?"

हे त्या रोज विचारतात. काका रोज नव्याने सांगतात.

"नंदुरबारला, आई. हॉस्पिटलात. मीच पाठवली."

"येकलीला? तू न्हाय गेला तिच्यासंगं?"

काकांनी आजींच्या ओठांची कड रुमालाने पुसली.

"मलापण पाठवलंय की."

"कुठं?"

"तुझ्याकडं."

 आजींनी हात अंथरुणावर फिरवून स्वतःच्या शेजारी जागा केली.

"मंग बैस की," त्या म्हणाल्या. "उभा का?"