बेफिकीर शेवटीच वाचणार

कवीला पहिला नंबर हवा असतो. पहिला नाही मिळाला तर निदान पहिल्या पाचांतला तरी. तोवर पाहुणे जागे असतात, वार्ताहर गेलेला नसतो आणि चहा यायचा असतो, त्यामुळे माणसं जागची हलत नाहीत. आमच्या जालन्याच्या काव्यमंडळात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, म्हणजे नावांची यादी माझ्याकडे होती. त्या यादीपायी भले भले कवी मी माझ्या सायकलीमागं पळताना पाहिलेत.

एकच माणूस उलटा निघाला. गणपतराव बेफिकीर.

"सर, आमाला खाली ठेवा," ते सांगायचे. "एकदम खाली. आमच्या खाली कोन नको."

पहिल्यांदा मला वाटलं, काय विनय आहे! दोन महिन्यांत कळलं की विनयाचा इथं काही संबंध नाही. गणपतराव निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. कविता ऐकायची सवय मुशायऱ्यात लागलेली. आणि मुशायऱ्याचा रिवाज असा, की नवशिके आधी वाचतात आणि सगळ्यांत मोठा शायर सगळ्यांत शेवटी. "अव्वल माणूस आखिरीला," गणपतराव बोट वर करून म्हणायचे, "बराबर हाये का न्हाई?" आता आमच्या मंडळात रीत बरोबर उलटी. ज्येष्ठांना आधी बोलवायचं, कारण त्यांना दम्याची, डोळ्यांची नाहीतर सुनेची काहीतरी अडचण असायची. नवे लोक तळाला. त्यामुळे झालं असं, की गणपतराव स्वतःला अव्वल समजून ज्या जागी बसायचे, ती आमच्या लेखी कच्च्या लिंबूची जागा होती. हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझी तर नाहीच.

ही सगळी गोष्ट सत्तरनंतरची. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता एका शाळेच्या हॉलमध्ये आमची बैठक भरायची. पन्नास-साठ माणसं जमायची. गणपतराव गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बेफिकीर हे त्यांनी स्वतः घेतलेलं टोपणनाव. खरं आडनाव सरकारी रजिस्टर सोडून कुणाला माहीत नव्हतं. काळी टोपी, पांढरी विजार, आणि सदऱ्याला औषधांचा असा वास, की बैठकीत त्यांच्या दोन्ही बाजूंची एकेक जागा आपोआप मोकळी राहायची. "अदब राखून राह्यले लोक," असं त्याचं स्पष्टीकरण ते स्वतःच देऊन टाकायचे.

त्यांचा नंबर येईपर्यंत हॉलमध्ये कोण उरायचं? मी, कारण मला माईक परत करायचा असायचा. आणि सतरंज्या गुंडाळणारे रहीमचाचा. चाचा एका टोकाकडून गुंडाळत यायचे, गणपतराव दुसऱ्या टोकावर उभे राहून वाचायचे. शेवटी चाचा म्हणायचे, "बेफिकीर साहब, जरा पाँव उठाओ." साहेब एक पाय उचलायचे, मग दुसरा, पण ओळ तोडायचे नाहीत. समोर रिकाम्या भिंती, आणि हा माणूस दाद येण्याच्या ठिकाणी बराबर थांबायचा, मान किंचित झुकवायचा, उजवा हात कपाळाला लावायचा आणि पुढं सुरू करायचा. खरं सांगतो, आठ वर्षांत मी त्यांची एक कविता धड ऐकली नाही. माझं लक्ष माईकच्या वायरीकडं असायचं.

एकदा तर कहर झाला. बाहेरगावचे एक वयोवृद्ध कवी अध्यक्ष होते. त्यांची कविता झाली, आभार झाले. व्यासपीठावर आलेल्या चिठ्ठ्यांच्या गडबडीत गणपतरावांचं नाव राहूनच गेलं. राष्ट्रगीत झालं. लोक चपलांकडं वळले, तोच माईकवर मुशायऱ्याच्या थाटात आवाज आला, "अर्ज केलाय!" अध्यक्षांचा एक पाय चपलेत, दुसरा बाहेर. बिचारे सभ्य गृहस्थ. तसेच एका पायावर भार देऊन दोन कडवी उभे राहिले. मंडळाचे चिटणीस माझ्याकडं असे बघत होते, की जणू मीच गणपतरावांना जन्म दिलाय. नंतर मी गणपतरावांना म्हटलं, "अहो, राष्ट्रगीतानंतर काही वाचत नसतात." तर म्हणाले, "मंग? त्याच्याहून आखिरी जगा कोनती, सांगा बरं!"

दुसरा किस्सा शहागडचा. तिथं एका काव्यसंमेलनाला आम्ही गेल्तो. तिथले एक म्हातारे उर्दू शायर होते, शिवणकामाचं दुकान चालवायचे. रिवाजानं शेवटचा मान त्यांचा. झालं! दोघं समोरासमोर ठाण मांडून बसले. "आप पढ़िए, बेफिकीर साहब." "न्हाई उस्ताद, तुमी वाचा." रस्त्यावरनं ट्रक जाताहेत, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, लोक एकदा याच्या तोंडाकडं बघतायत, एकदा त्याच्या. शेवटी म्हातारे हसले. म्हणाले, "मियाँ, बड़ा तो मैं हूँ। मगर मुझे घर भी जाना है।" त्यांनी वाचलं, दाद घेतली आणि गेले. त्यांच्याबरोबर अख्खं संमेलनही गेलं. गणपतरावांनी रिकाम्या ओट्यापुढं सगळी कविता वाचली. परतताना एसटीत मला कोपर मारून म्हणाले, "पाह्यलं का सर? उस्तादनं जगा सोडली!"

हळूहळू गावाला सवय झाली. मी "यानंतर बेफिकीर" एवढं म्हटलं की शाळा सुटायची घंटा झाल्यासारखं व्हायचं. पिशव्या उचलल्या जायच्या, गुडघ्यांवर हात टेकले जायचे. आम्ही त्यावर खूप हसायचो. त्यात कुणाचं काही नुकसान होतंय, असं मला कधी वाटलं नाही.

मग सुमनबाई यायला लागल्या.

सुमनबाई कुंभार पिंपळगाव नावाच्या गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आईवडील मजुरी करणारे, घर बौद्ध, घराण्यात शाळेच्या नोकरीला लागलेली ही पहिलीच मुलगी. अंबडला बस बदलून यायच्या. हातात एकच घडी घातलेला कागद. मंडळाच्या रीतीनं नव्या माणसाचं नाव तळाला, आणि तळाची जागा तर गणपतरावांनी पटकावलेली, म्हणून बाईंचा नंबर त्यांच्या अगोदरचा. मी पुकारलं, "आता सुमनबाई, आणि यानंतर बेफिकीर." झालं. अख्खा हॉल उठला. बाईंनी दोन ओळी वाचल्या त्या लोकांच्या पाठींना. चपलांचा आवाज, खोकला, "चला हो"ची हाकाटी. त्यांनी कागद घडी करून पदरात धरला आणि "झालं माझं" म्हणून खाली उतरल्या.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. चौथ्या खेपेला त्या माईकपर्यंत गेल्याच नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सर, माझं नाव काढून टाका. पुढच्या बारीला आले तर आले, न्हाई तर न्हाई. न्हाईच येणार बहुतेक."

"अहो, एकदा या. एकदाच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांना वरचा नंबर द्यायचा, तर एका ज्येष्ठाला खाली सरकवावं लागलं असतं. आमचे ज्येष्ठ खाली सरकणारे नव्हते. माझ्यात भांडायची धमक नव्हती. हे लिहायला आज लाज वाटते, पण खरं ते खरं.

गणपतराव तिथंच उभे होते. त्यांचा नंबर होता, पण ते वाचायलाच विसरले. रहीमचाचा सतरंजी हातात धरून वाट बघत राहिले.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत गणपतराव माझ्या शाळेच्या फाटकाशी हजर. म्हणाले, "सर, पुढल्या टायमाला आमचं नाव पैलं लिवा."

"काय?"

"एक नंबरला. अन् बाईला आखिरीला ठेवा."

मी म्हटलं, "गणपतराव, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरली? तुमी माझं नाव घेता, अन् लोक उठतात. बाई माझ्या आधी, म्हनून बाईचंबी वाटोळं होऊन राह्यलं. मला दिसत न्हाई व्हय?"

मला वाटत होतं, दिसत नाही. आठ वर्षं आम्ही सगळे तेच धरून चाललो होतो. मी नुसती मान हलवली आणि वर्गावर गेलो. त्या दिवशी मुलांना काय शिकवलं, मला आठवत नाही.

रविवार आला. सुमनबाई आल्या, दाराजवळच बसल्या, उठून जायला सोपं पडावं अशा. ज्येष्ठांना यादी न दाखवताच मी माईक हातात घेतला. "पहिले कवी, गणपतराव बेफिकीर." आणि काय सांगू! सवयीचा गुलाम माणूस. मागच्या दोन रांगा खरोखर उठल्या. एक जण तर दारापर्यंत पोचला आणि म्हणाला, "अरे, आत्ताच तर आल्तो की!" हशा पिकला. तेवढ्यात गणपतराव माईकशी जाऊन उभे राहिले.

रिकाम्या हॉलमध्ये भिंती हलवणारा हा माणूस, साठ माणसं समोर बघून त्याचा आवाज बसला. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. कविता होती गुरांच्या दुखण्यांवर. आठ कडवी. पोटफुगीला यमक "उगी उगी", लाळेला यमक "बाळे". ते सवयीनं दादेसाठी थांबले, आणि त्या थांबण्यात पहिलं हसू फुटलं. मग दुसरं. चौथ्या कडव्याला चिटणीससाहेब रुमालात तोंड घालून बसले होते. गणपतरावांचे कान लालबुंद झाले, पण त्यांनी एक कडवं गाळलं नाही. आठवं संपवून ते खाली उतरले आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, वही मांडीवर उघडी ठेवून बसले.

बैठक पुढं सरकली. एकामागून एक ज्येष्ठ झाले. चहा झाला. आणि आता गंमत बघा, लोकांना उठायचं कधी तेच कळेना! बेफिकीर अजून बसलेले, वही उघडी. म्हणजे ते पुन्हा वाचणार असतील, म्हणजे अजून संपलं नाही, असा हिशेब करून जो तो आपापल्या जागी. मी पुकारलं, "सुमनबाई." यानंतर कुणाचंच नाव घेतलं नाही.

बाई माईकशी आल्या. समोर भरलेला हॉल बघून क्षणभर थांबल्या. मग वाचू लागल्या. त्यांच्या वर्गातून कापूस वेचणीला गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलींची ती हजेरी होती. एक नाव घ्यायचं आणि थांबायचं. दुसरं नाव, पुन्हा थांबायचं. तिसऱ्या नावाला हॉलमध्ये कुणी मांडीसुद्धा बदलेना. अकरा नावं घेतली त्यांनी. संपल्यावर कुणाला टाळी वाजवावी की नाही तेच समजेना, इतकं आत गेलं होतं ते. मग पहिल्या रांगेतून गणपतराव ओरडले, "वाह बाई, वाह!" आणि मग जी टाळी पडली, ती आमच्या मंडळात त्याआधी कधी पडली नव्हती. चिटणीससाहेबांनी स्वतः उठून बाईंना पुढच्या महिन्याचं निमंत्रण दिलं. बाई म्हणाल्या, "येते की." त्या हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांना पाचच्या बसमध्ये बसवून मी आणि गणपतराव पायी निघालो. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

"गणपतराव, तुम्ही एवढे शेवटच्या नंबरासाठी भांडायचे. आज सोडलात. जिवावर नाही आलं?"

"सर, आपली कविता कशी हाये, ते मला म्हाईत न्हाई का?" ते चालता चालताच म्हणाले. "चांगली असती, तर पैलीच न्हाई का वाचली असती? आखिरीला कोन ऐकत न्हाई. ऐकलं न्हाई, तर कोन हसत न्हाई. अन् तितं माईकपुढं उभं राहून वाचायचं सुख तर मिळतं ना."

हा माणूस आठ वर्षं आमच्यावर रुबाब करत होता आणि आठ वर्षं आम्हाला भीत होता. आणि आज त्या भीतीच्या तोंडात, एका परक्या मुलीसाठी, स्वतः होऊन गेला होता.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, रस्त्याकडंच बघत विचारलं, "खरं सांगा. येक तरी वळ बरी होती?"

होती. सहाव्या कडव्यात, हशाच्या गलक्यात कुणाला ऐकू गेली नाही अशी. मी माईकशेजारी उभा होतो म्हणून मला आली. मी ती म्हटली:

"वासरू सकाळी मेलं, पान्हा सांजेला आला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

गणपतराव थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली. स्वतःची ओळ दुसऱ्या माणसाच्या तोंडून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती.

"परत म्हना," ते म्हणाले.

मी म्हटली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि परत सांगितलं. मी परत म्हटली. चौथ्यांदा त्यांनी सांगायची वाट मी पाहिली नाही.