दाजिबांचे नख

मुलांनो, एका जंगलात फळांपेक्षा मोबाइल जास्त झाले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट.

तिथे दाजिबा नावाचे अस्वल राहत. मोहाची फुले गळू लागली, की सगळ्यांत आधी झाडाखाली दाजिबा हजर. त्या वर्षी मात्र ते गुहेतून बाहेरच आले नाहीत. समोर मधाचे पोळे ठेवले तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. बरगड्या दिसू लागल्या.

सिंहाच्या दरबारात एक मनःस्वास्थ्य खाते होते. कोल्हा त्याचा प्रमुख. त्याने दाजिबांकडे मोबाइल पाठवला. आत 'एकवीस दिवसांत प्रसन्न मन' असा कार्यक्रम होता. रोज पाच प्रश्न. प्रत्येकाखाली एक हसरा चेहरा, एक रडका. लागू पडेल तो दाबायचा. वेळ दोन मिनिटे. कोणाकडे जायला नको, कोणी यायला नको.

कोल्ह्याने सगळ्याचा विचार केला होता. अस्वलाच्या नखांचा तेवढा राहिला. नखाने पडद्यावर काही उमटेना.

खात्याने तोडगा काढला. शेजारच्या झाडावरच्या अक्का वानरिणीला हुकूम गेला: रोज सकाळी जाऊन दाजिबांच्या वतीने बोट लावावे.

अक्का आल्या. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचू लागल्या, "काल झोप लागली का?"

"नाही."

"का बरं?"

"हे त्यात विचारलंय?"

"त्यात नाही. मी विचारतेय."

दाजिबांनी भिंतीकडचे तोंड अक्कांकडे वळवले. मग म्हणाले, "मागच्या चैत्रात धाकटा भाऊ गेला. मोहाखाली आम्ही दोघं जायचो."

अक्का शेवटी वानरीणच. ऐकता ऐकता त्यांचा हात दाजिबांच्या केसांत गेला आणि त्या गोचिड्या काढू लागल्या. दोन मिनिटांचा कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. मग रोजच चालू लागला. चेहरा दाबायचे कधी कधी राहूनही जाई.

बाराव्या दिवशी अक्का म्हणाल्या, "उठा आता. फुलं हरणं संपवताहेत."

दाजिबा उठले.

एकविसाव्या दिवशी कोल्ह्याने समारंभ केला. कार्यक्रमाला हार घातला. भाषणात म्हणाला, "आता सुधारित आवृत्ती आली आहे. ती नखानेही चालते. अक्कांना यापुढे तसदी नाही."

दुसऱ्या दिवशी अक्का फांदीवरच बसून राहिल्या. हुकूम संपला होता. हुकमाशिवाय कोणाच्या गुहेत जायचे तरी कसे?

खालून हाक आली. "अक्का, हे चालत नाहीये."

"नखानं चालतं म्हणे."

"चालत असेल. माझं नख जुनं आहे."

अक्कांनी वाकून पाहिले. दाजिबांनी मोबाइल उलटा धरला होता.

"असं होय," अक्का म्हणाल्या आणि खाली उतरल्या. "बसा. पाठ इकडे करा."

कोल्ह्याने फाइलवर शेरा मारला: 'रुग्ण बरा. परंतु यंत्र वापरण्यास अपात्र.'

तात्पर्य: मनावरचे यंत्र उत्तमच असावे. फक्त ते पूर्णपणे दुरुस्त करू नये.