दोन्ही किल्ल्या एकाच पिशवीत

"दोन म्हणजे दोन," केमिस्ट म्हणाला. "उद्या दोनच्या ठोक्याला गाडी दारात उभी असेल. तू फक्त तयार राहा."

"साडेतीनला टेस्ट आहे माझी." त्याची बायको रात्रपाळीला निघाली होती आणि दारात बसून बूट घालत होती. "उद्या चुकली तर पुढची तारीख दीड महिन्यानं. सोमवारी लायसन्स दाखवलं नाही तर ती जागा दुसऱ्या सिस्टरला जाणार."

"माहीत आहे गं मला."

"तुम्हाला सगळं माहीत असतं," ती म्हणाली. "लक्षात नसतं, एवढंच."

ती जागा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. बाई एकोणीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती आणि त्यातली निम्मीअधिक वर्षं तिने रात्री जागून काढली होती. आता हॉस्पिटलाने घरोघरी जाऊन रुग्ण तपासायचा नवा विभाग काढला होता. काम दिवसाचं, रात्री आपली झोप आपल्या गादीवर. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. आणि बाई टेस्टमध्ये दोनदा नापास झाली होती. शिकवणी अर्थात नवऱ्याची. दोन्ही वेळा तो मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करत होता. दुसऱ्या खेपेला तर टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं होतं, "ते गृहस्थ कोण? विमान उतरवतायत का?"

असा हा माणूस. बायकोची गाडी शनिवारी सकाळी तो घेऊन जाणार होता, कारण शनिवारी त्यांची मोहीम होती.

मोहीम हा त्यांचाच शब्द. केमिस्ट, डेंटिस्ट आणि विमेवाला असे तिघे मित्र. चाळिशी उलटली, पोटं पुढे आली, तेव्हा तिघांनी मिळून 'वादळ' नावाचा ग्रुप काढला. आधी टी-शर्ट शिवून घेतले, मग ग्रुप काढला, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. बोट वल्हवायची, डोंगरातून धावायचं आणि सायकल हाणायची, हे सगळं एकाच दिवसात, एकामागून एक. दोन वर्षांत त्यांनी बूट घेतले, हेल्मेटं घेतली, घाम शोषणारी बनियनं घेतली. घाम तेवढा अजून यायचा होता.

बेत डेंटिस्टचा. त्याने तो दवाखान्यातल्या फळ्यावर तीन रंगांत काढला होता. तलावाच्या अलीकडच्या काठाला गाडी लावायची. रबरी बोटीने पलीकडे जायचं. तिथून डोंगर ओलांडून सात किलोमीटर धावायचं. डोंगरापलीकडच्या गावात सायकली आधीच ठेवलेल्या असतील, त्या घ्यायच्या आणि तलावाला वळसा घालून चोवीस किलोमीटर चालवत परत गाडीपाशी यायचं. सहा वाजता सुरू, बाराला खलास.

गाडी केमिस्टच्या घरचीच का, तर डेंटिस्टच्या गाडीला नवी कव्हरं होती आणि ओली बोट आत घ्यायला त्याचं मन होईना. विमेवाला तर स्वतःची गाडी कुणालाच देत नसे. अपघातांबद्दल त्याला फार माहिती होती.

तर शनिवारी तिघे तलावावर पोचले. सहाला नाही, साडेसहाला, कारण विमेवाल्याला घरी टोपी सापडत नव्हती. बोटीत हवा भरली, पंप गाडीत टाकला, गाडीला कुलूप लावलं.

"दुसरी किल्ली?" डेंटिस्टने विचारलं.

"ही काय. तू आणायला सांगितलीस म्हणून आणली," केमिस्ट म्हणाला.

"एक हरवली तर दुसरी हाताशी असावी. नियोजन म्हणतात याला." असं म्हणून डेंटिस्टने दोन्ही किल्ल्या एकाच पिशवीत घातल्या. पिशवी वॉटरप्रूफ होती. केमिस्टला क्षणभर काहीतरी खुपलं, पण काय खुपलं ते कळेपर्यंत बोट पाण्यात गेली होती.

बोट तीन किलोमीटर जायची होती. ती गेली त्याच्या दुप्पट, पण सरळ नाही. माणसं तीन आणि वल्ही दोन. डेंटिस्टने वल्हं घेतलं नाही, कारण तो कप्तान होता. केमिस्ट डावीकडून जोर लावी, विमेवाला उजवीकडून सुस्कारे टाकी, आणि बोट आपली गोल फिरे. पलीकडचा काठ लागला तेव्हा नऊ वाजले होते. तिघांनी फोटो काढले. मग डेंटिस्टने बोटीतली हवा सोडली, घडी घातली आणि झुडपाखाली लपवली.

"कुणी पळवून नेऊ नये म्हणून," तो म्हणाला. "उद्या येऊन घेऊन जाऊ." पिशवीही त्याने त्या घडीतच खोचली, कारण धावताना खिशात किल्ल्या खुळखुळतात.

धावणं पहिल्या वळणापर्यंत चाललं. वळणावर देखावा छान होता, म्हणून थांबून फोटो काढले. त्यानंतर कुणी धावलं नाही आणि त्याबद्दल कुणी बोललंही नाही. एक म्हातारा शेळ्या घेऊन मागून आला आणि पुढे निघून गेला. जाताना त्याने टी-शर्टवरचं 'वादळ' मोठ्याने वाचलं आणि आभाळाकडे बघितलं.

पावणेबारा वाजता वादळ गावात पोचलं. सायकली जागच्या जागी होत्या. दुकानासमोरच्या लोखंडी खांबाला, मनगटाएवढ्या जाड साखळीने बांधलेल्या. साखळीचा आग्रह विमेवाल्याचा होता. कुलूप डेंटिस्टने शोधून आणलं होतं आणि ते कुठल्याही हत्याराने तुटत नाही, असं तो दोन दिवस सगळ्यांना सांगत होता.

"चल, उघड," केमिस्ट म्हणाला.

"मी? किल्ली तुझ्याकडे दिली होती ना काल."

"मी ती गाडीत ठेवली. डॅशबोर्डच्या खणात. तुला सांगितलं होतं, आठवण कर म्हणून."

"आणि मला वाटलं, तू घेतली असशील."

विमेवाला खाली बसला. दुकानदार मघापासून काउंटरवर कोपर टेकून ऐकत होता. त्याने शांतपणे विचारलं, "गाडी कुठाय तुमची?"

"तलावाच्या पलीकडे."

"आणि गाडीची किल्ली?"

"बोटीत."

"बोट?"

"तलावाच्या या बाजूला, डोंगरापलीकडे."

दुकानदाराने जरा हिशेब केला. "म्हणजे सायकली सुटल्या असत्या, तुम्ही चोवीस किलोमीटर चालवत गाडीपाशी गेला असतात, तरी गाडी उघडली नसतीच की."

तीन रंगांतला तो फळा केमिस्टच्या डोळ्यांपुढे आला. तीन शिकलेली माणसं त्या फळ्यापुढे पंधरा दिवस माना डोलवत होती आणि एका दुकानदाराला जे उभ्या उभ्या दिसलं, ते त्यांना दिसलं नव्हतं. त्याने दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजता टेस्ट होती.

गावात एक वेल्डर होता. त्याला बोलावलं. त्याने करवतीची दोन पाती मोडली आणि कुलपाकडे आदराने पाहिलं. "चांगलं आहे हो," तो म्हणाला.

"मी म्हटलं नव्हतं?" डेंटिस्ट म्हणाला. त्याही परिस्थितीत त्याची मान ताठ झाली. केमिस्टला त्याचे दात पाडावेसे वाटले.

पाऊण तास असा गेला. बस चार वाजता होती. केमिस्टच्या फोनची बॅटरी फोटोंपायी संपली होती आणि इतर दोघांचे फोन गाडीत होते. शेवटी दुकानदाराचा फोन घेऊन त्याने बायकोला लावला.

"काय झालं?" तिने विचारलं. तो बोलायच्या आधीच विचारलं.

"काही नाही. थोडा उशीर होईल असं दिसतंय. किल्लीचा जरा घोळ झालाय."

"कुठाय किल्ली?"

"बोटीत."

"मग दुसरी? इथं खुंटीवर नाहीये."

"ती पण बोटीत."

"एकाच पिशवीत?"

"वॉटरप्रूफ आहे," केमिस्ट म्हणाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. "घरी येऊ नका," ती म्हणाली. "जमलं तर थेट टेस्टच्या मैदानावर या. आणि हा फोन ज्यांचा आहे त्यांना परत द्या, नाहीतर तोही बोटीत ठेवाल."

केमिस्टने फोन परत दिला. त्याला लाज वाटली. या बाईने रात्री जागून घर चालवलं तेव्हा कुठे त्याच्या दुकानाला बूड आलं होतं, आणि त्याने तिची गाडी नेली ती बोटीचे फोटो काढायला. "चला," तो म्हणाला. "परत डोंगर."

"मी सायकलींवर लक्ष ठेवतो," विमेवाला म्हणाला.

"त्या कोण नेणार? आपल्यालाच नेता येईनात."

"तरी पण जोखीम नको."

विमेवाल्याला तिथेच सोडून दोघे निघाले. आणि मग दोन वर्षांत घडलं नव्हतं ते घडलं. केमिस्ट खरोखर धावला. ठेचकाळला, गुडघा फुटला, काटे लागले, पण धावला. मागून डेंटिस्ट "गुडघ्यांना विश्रांती" वगैरे म्हणत येत होता, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. सकाळी पावणेतीन तास लागलेली वाट त्याने दीड तासात पुरी केली. दोन वाजता तो झुडपापाशी गुडघ्यांवर बसला, पिशवी काढली, दोन्ही किल्ल्या मुठीत धरल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

डेंटिस्ट पोचला तेव्हा केमिस्टने बोट पसरून ठेवली होती. "पंप काढ," तो म्हणाला.

डेंटिस्टने सावकाश वळून तलावापलीकडे बघितलं. तिकडच्या काठावर गाडी ठिपक्याएवढी दिसत होती आणि पंप तिच्यात होता.

"तोंडानं फुगवता येईल," डेंटिस्ट म्हणाला. "मोठी बोट आहे, पण..."

"तू फुगव," केमिस्ट म्हणाला. "हवा तुझ्याकडे भरपूर आहे."

नशिबाने काठाकाठाने एक मासे धरणारा म्हातारा आपली लाकडी होडी घेऊन चालला होता. केमिस्टने त्याला हात जोडले. म्हाताऱ्याने दोघांना जाळ्यांवर बसवलं आणि एकट्याने वल्ही मारत निघाला. होडी एकदाही गोल फिरली नाही. तीन जणांना अडीच तास लागले होते, त्या पाण्याला म्हाताऱ्याला चाळीस मिनिटं लागली.

"रोज येता का इकडं?" त्याने मध्येच विचारलं.

"नाही. आम्ही साहसासाठी येतो," डेंटिस्ट म्हणाला.

"असं, असं," म्हातारा म्हणाला आणि वल्ही मारत राहिला.

पावणेतीनला गाडी सुरू झाली. मैदान तासाभराच्या अंतरावर होतं. केमिस्ट दात आवळून चालवत होता आणि मनातल्या मनात साहेबांची विनवणी तयार करत होता. माझी चूक आहे साहेब, तिची नाही, मला हवं तर चार शिव्या द्या, पण तिला आजच बसू द्या. एवढं सरळ वाक्य त्याने बायकोसमोर कधी म्हटलं नव्हतं.

मैदानावर पोचला तेव्हा तीन पन्नास झाले होते. फाटकाशी हॉस्पिटलची जुनी व्हॅन उभी होती आणि तिच्याजवळ त्याची बायको, हातात एक कागद. व्हॅनचा ड्रायव्हर हसून तिचं अभिनंदन करत होता. चिखलाने माखलेला, गुडघ्यातून रक्त येणारा नवरा समोर येऊन उभा राहिला तसा ड्रायव्हर हळूच बाजूला झाला.

"पास?" केमिस्टने विचारलं.

"पास. व्हॅनवर दिली टेस्ट. सोमवारपासून हीच चालवायची आहे, तर म्हटलं हिच्यावरच देऊ." तिने हात पुढे केला. "किल्ली."

त्याने किल्ली दिली. मग जरा थांबून दुसरीही दिली. ती चालवायला बसली. केमिस्ट शेजारी, डेंटिस्ट मागे, आपल्या ओल्या चड्डीखाली वर्तमानपत्र घालून. वाटेत तिने दिवसभराची हकीकत दोघांकडून काढून घेतली. गाडी घराच्या वळणावर वळली नाही. ती सरळ शहराबाहेर पडली, तलावाला वळसा घातला आणि पाच वाजता गावातल्या दुकानासमोर थांबली. विमेवाला खांबाला टेकून गाढ झोपला होता. कुलूप शाबूत होतं.

तिने खणातून साखळीची किल्ली काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली. "सायकली घेऊन या घरी."

"चाळीस किलोमीटर आहे इथून," डेंटिस्ट मागून म्हणाला. "वहिनी, मी आपला गाडीतच..."

"उतरा, भाऊजी."

डेंटिस्ट उतरला. केमिस्ट मात्र बसून राहिला. "माझं चुकलं. तुझी जागा गेली असती माझ्यामुळे. रागाव तू, मी ऐकून घेतो."

"राग नाही आला मला," ती म्हणाली. "दुपारी आला होता. मग टेस्ट सुरू झाली आणि कडेला कुणी हात हलवत नव्हतं. किती शांत वाटलं म्हणून सांगू. साहेब म्हणाले, इतकं चांगलं चालवता, आधी काय होत होतं तुम्हाला?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, नवरा बरोबर असायचा." तिने त्याच्या गुडघ्यावर आपला स्वच्छ रुमाल बांधला आणि गाठ नीट बसली की नाही ते बघितलं. "दर शनिवारी जात जा तुम्ही. मी काही म्हणणार नाही."

दोन वर्षं ज्या परवानगीसाठी तो भांडला, खोटं बोलला, ती अशी आयती मिळाली आणि केमिस्टला एकदम रडावंसं वाटलं. तो उतरला. गाडी सुरेख वळली आणि धूळ न उडवता निघून गेली. विमेवाला जागा होऊन डोळे चोळत उठला आणि गाडी कुठे चालली आहे ते विचारू लागला. केमिस्ट कुलूप उघडायला खाली वाकला.