कायमच्या अखेरच्या सेलची बखर

वाचणारे साहेब, जाणते, खरेदीनिपुण, यांचे सेवेसी लिहिणाराचा दंडवत. साहेबीं आज्ञा केली की, स्वस्त मालाच्या दुकानांची एवढी थोर दौलत, गावोगावच्या भर रस्त्यांवर जिची निशाणे झळकत होती, ती कोणत्या अकलेने उतरणीस लागली, आणि त्या पडत्या काळात मोठ्या रस्त्यावरील ठाण्याच्या ताईसाहेब यांनी कोणती मोहीम केली व फत्ते कैसी जाहली, तो मजकूर कमीजास्त न करता लिहून पाठवणे. आज्ञा शिरसावंद्य. जे घडले तेच लिहितो. मध्येच हसू आल्यास त्यास लिहिणाराचा इलाज नाही.

थोरले मालक, दौलतीचे संस्थापक, हे मूळचे हातगाडीवरचे. त्यांनी बादल्या, झाडू आणि पायपुसणी विकून पहिले दुकान घातले, आणि मग दुसरे घातले, आणि मग मुलूखच्या मुलूख कबजात आणला. माल साधाच, परंतु बादलीस बूड असे आणि झाडूस काड्या असत, म्हणोन गिऱ्हाईक राजी होते. थोरल्यांचे पश्चात धाकटे मालक गादीवर आले. हे बहुत शिकलेले. अंगात कोट, हाती दोन फोन, आणि बादली म्हणून काही चीज असते हे त्यांनी चित्रांत पाहिलेले. त्यांनी गादीवर बसताच माल सुधारावा तो न सुधारता निशाणाचा रंग बदलला. निळ्याचे जांभळे केले, आणि मग जांभळ्याचे पोपटी केले, आणि त्यात खजिना रिता जाहला म्हणोन बादलीचे बूड पातळ केले. लोकांनी बादली नेली, पाणी भरले आणि उचलली, तो फक्त कडी हाती आली. मग लोक दुकानाकडे फिरकेनात, आणि हे ऐसे का होते याचे धाकट्यांस बहुत नवल वाटले.

तेव्हा त्यांनी एक सल्लागार चाकरीस ठेवला. हा इसम गोड बोलणारा, हात चोळणारा, आणि याआधी ज्या ज्या दौलतीत तो नोकरीस होता त्यांपैकी एकही आता उरली नव्हती, हा त्याचा अनुभव समजला गेला. त्याने डबे एका मुलखातून आणि झाकणे दुसऱ्या मुलखातून मागवण्याची मसलत दिली, की दोन्हीकडे स्वस्त पडेल. झाकणे गाड्या भरभरून आली. डबे आलेच नाहीत. तेणेकरून दौलतीच्या हर एक ठाण्यात झाकणांचा डोंगर उभा राहिला, आणि सल्लागारास बढती मिळाली.

मग त्याने दुसरी मसलत दिली की, लोकांस माल नको असतो, लोकांस धास्ती हवी असते. संपत आले ऐसे म्हणावे की लोक धावतात. त्याप्रमाणे हर एक ठाण्याच्या दर्शनी बाजूस लालभडक कापड लागले. त्यावर हातभर अक्षरांत मजकूर: दुकान कायमचे बंद होत आहे, अखेरचा सेल, शेवटचे काही दिवस. पहिल्या साली लोक खरेच धावले. दुसऱ्या साली चालत आले. पुढे कापड उन्हाने गुलाबी पडले, आणि हुजुरातून त्याच मजकुराचे नवे कापड आले, आणि तेही विटले, आणि परत नवे आले. शेजारचे लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, “ते बंद होणारं दुकान माहितीये ना? वर्षानुवर्षं आहे बघा तिथे. त्याच्या पुढची गल्ली.” ऐसी त्या दौलतीची पत राहिली होती.

आता ताईसाहेबांचे वर्तमान. या थोरल्यांच्या अमदानीत टॉवेलांच्या घड्या घालण्यास लागल्या, आणि मग कपाटे लावू लागल्या, आणि मग चढत चढत मोठ्या रस्त्यावरील ठाण्याच्या मुख्य जाहल्या. गळणारे छप्पर कोठे गळते, कोणत्या कपाटाखाली लाकडाचा तुकडा सरकवावा म्हणजे ते डुगडुगत नाही, आणि कोणते गिऱ्हाईक नुसते पंख्याखाली उभे राहण्यास येते, हे सारे त्यांस ठाऊक. त्यांच्या हाताखाली गल्ल्यावर एक मावशी, जिभेने तिखट; आणि दारावर एक मामा, गुडघ्यांनी अधू. फौज एवढीच. घरी नवरा म्हणे की, तू त्या दुकानाशीच लग्न करायचे होतेस. त्यावर ताईसाहेब म्हणत की, विचारले असते तर केलेही असते. त्यांचा जीव त्या दुकानात होता, आणि या वयात दुसरे कोणी दारात उभे करणार नाही हेही त्या जाणून होत्या. सबब दुकान राहणे यापरते त्यांस काही नको होते.

ऐसियास एके दिवशी हुजुरातून हुकूम सुटला की, या शहरात आपली दोन ठाणी, एक मोठ्या रस्त्यावर आणि एक स्टेशनाजवळ, त्यांपैकी एकच ठेवणे आहे. तरी जो ठाणेदार आपले गोदाम आधी रिकामे करील त्याच्या कर्तबाचा योग्य विचार केला जाईल. हा मजकूर सल्लागाराच्या लेखणीचा. योग्य विचार म्हणजे काय, हे त्याने लिहिले नाही आणि कोणी विचारले नाही. स्टेशनाजवळच्या ठाण्याचा मुख्य, ज्यास सारे सुस्तराव म्हणत, त्याने हुकूम वाचला, घडी करून डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली घातला, आणि चहा मागवला. ताईसाहेबांनी मात्र पदर खोचला आणि मोहिमेस आरंभ केला.

पहिला हल्ला तोंडाचा. ताईसाहेब खासा रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि ओरडून सांगू लागल्या की, दुकान या खेपेस खरेच बंद होऊ शकते, माल न्या. एक जुने गिऱ्हाईक, शिंपीकाम करणारे, थांबले आणि पोट धरून हसले. “ताई, माझं लग्न ठरलं तेव्हापण तुम्ही बंदच होत होतात. आता माझी मुलगी शाळेत जाते!” ऐसे बोलून ते गेले, आणि जाताना आत डोकावलेही नाहीत. पहिला हल्ला फसला.

दुसरा हल्ला भावाचा. सारा माल निम्म्या किमतीस लावला. लोक दाराशी आले, पाट्या वाचल्या, आणि आपसांत ठरवले की, निम्मे केले त्या अर्थी अजून उतरवतील, घाई नको. मग ताईसाहेबांनी आणखी उतरवले, आणि लोक आणखी थांबले. झाकणांचा डोंगर तसूभर हलला नाही. मावशी गल्ल्यावर हनुवटी टेकून म्हणाली, “लोकांचं काय चुकलं गं? त्या कापडावर माझापण विश्वास नाहीये, आणि मी त्याच्याखालून रोज आत येते.”

हे शब्द ताईसाहेबांच्या वर्मी लागले. त्यांनी बाहेर जाऊन ते कापड पाहिले, आणि त्यांस आपली आणि दुकानाची अतोनात लाज वाटली. थोरल्यांनी बादली उलटी करून, तिच्यावर उभे राहून, गिऱ्हाइकास बुडाची मजबुती दाखवावी. आणि आपण त्यांच्याच दारावर इतकी वर्षे खोटे टांगून बसलो, हे मनात येऊन त्यांस संताप आला. त्यांनी मामांस शिडी आणण्याचा हुकूम केला. मामांनी अर्ज केला की, हुजूर विचारतील. त्यावर ताईसाहेब म्हणाल्या, “विचारू देत. दुकान राहो नाहीतर जावो, निदान जाताना तरी खोटं नको.” आणि त्या स्वतः शिडीवर चढल्या, आणि दोऱ्या कापल्या, आणि ते कापड धबकन खाली आले ते मामांच्या डोक्यावर. मागे कोणी मसलत नव्हती, काही डाव नव्हता. नुसता राग होता.

परंतु दुसऱ्या दिवशी काय अद्भुत घडले ते ऐकावे. सकाळी रस्त्यावरचे लोक कामास निघाले, आणि दुकानासमोर येताच जागच्या जागी उभे राहिले. कापडामागे काच होती हेच पुष्कळांस नवे होते. एकाने दुसऱ्यास पुसले, दुसऱ्याने तिसरीस, आणि तिसरीने ठामपणे सांगितले, “म्हणजे आता बंद होणार नाही! सेल संपला की हो! उद्यापासून भाव दुप्पट!” बंद होते ऐसे इतकी वर्षे सांगितले तेव्हा जे लोक हलले नाहीत, ते आता चालू राहणार या एका शंकेने पेटून उठले. शटर पुरते वर गेलेही नव्हते, तो खालून माणसे वाकून आत शिरली.

मग जे रण माजले त्याचे वर्णन करावयास लेखणी अपुरी. बादल्यांची फळी पहिल्याच धडकेत फुटली, आणि मग टॉवेल पडले, आणि मग भिंतीवरची घड्याळे काटे चालू नसतानाच गेली. दोन सभ्य बायका एका पायपुसण्यास दोन टोकांनी लोंबकळल्या आणि एकमेकींस अहो-जाहो करीत ओढत राहिल्या. शिंपीबुवाही आले होते; ते छातीशी झाकणे कवटाळून वाट काढत होते. मावशीने पुसले की, डबे कोठून आणाल? ते म्हणाले, “डबे बघू नंतर. झाकणं तर मिळतायत ना!” ऐसे म्हणून एकाने नेली की दहांनी नेली, आणि सल्लागाराच्या अकलेचा तो डोंगर दुपार ढळण्याआधी भुईसपाट जाहला. मामा गर्दी आवरण्यास स्टुलावरून उठले, तो स्टूलही विकले गेले. गल्ल्याचे यंत्र तापून बंद पडले आणि मावशी तोंडी हिशेब करू लागली. ताईसाहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होत्या, केस सुटलेले, आवाज बसलेला, आणि इतक्या वर्षांत त्या इतक्या सुखी कधीच नव्हत्या.

संध्याकाळी दुकानात फक्त भिंती आणि खिळे राहिले. ताईसाहेब मोकळ्या फरशीवर पाय पसरून बसल्या आणि मावशीस म्हणाल्या, “आता आपल्याला कोण हात लावतो बघू.” मावशीने कधी नव्हे ते ताईसाहेबांचे पाय दाबून दिले.

फत्तेचे वर्तमान हुजुरास पोहोचताच धाकटे मालक खासा स्वारी करून आले. बरोबर सल्लागार, आणि फोटो काढणारा. मालकांनी रिकामे दुकान नजरेखाली घातले आणि बहुत खूश होऊन ताईसाहेबांची तारीफ केली, की ऐसी कामगिरी कुल दौलतीत कोणी केली नाही. मग सल्लागाराने पुढे होऊन हुकूम वाचला तो येणेप्रमाणे: मोठ्या रस्त्यावरील ठाणे पूर्ण रिकामे जाहले, सबब ते मोडण्यास आता काही खर्च नाही, उद्यापासून ते बंद करणे. स्टेशनाजवळील ठाण्यात माल इतका तुंबला आहे की तो हलवण्याचा खर्च परवडत नाही. सबब ते चालू ठेवणे, आणि सुस्तराव यांस कायम करणे. ताईसाहेबांच्या कर्तबाचा योग्य विचार होऊन त्यांस प्रशस्तिपत्र देणे.

ताईसाहेबांस प्रथम समजलेच नाही. मग समजले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे मी काहीच विकलं नसतं, तर माझं दुकान राहिलं असतं?”

मालकांनी सल्लागाराकडे पाहिले. सल्लागार हात चोळीत म्हणाला, “असं कशाला बघता ताई? तुमच्यामुळे आमचं काम किती सोपं झालं. आता जरा इकडे बघून हसा, फोटो काढायचाय.”

ताईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. तो मालकांचे हाती न देता फरशीवर मधोमध ठेवला, आणि मावशीस व मामांस घेऊन बाहेर पडल्या. एवढ्या थोर दौलतीच्या धन्यास त्या किल्ल्या वाकून उचलाव्या लागल्या, आणि फोटो काढणाऱ्याने नेमका तोच फोटो काढला.

येणेप्रमाणे मोठ्या रस्त्यावरील ठाणे सरकारने, म्हणजे धाकट्या मालकांनी, सर केले आणि फत्ते पावले, ते दप्तरी दाखल व्हावे म्हणोन लिहिले. ठाणे सरकारचेच होते. ते सरकारने सरकारपासून घेतले. शत्रूचे किती पडले ऐसे साहेब पुसतील, तर शत्रू कोणी नव्हता. आपले पडले ते तीन, मामा, मावशी आणि ताईसाहेब, आणि लढले तेही तेवढेच. लेखनसीमा.