थावी मावशी उपासनेला आल्या तो रविवार

हरवलेलं मेंढरू शोधणं सोपं असतं. तू हरवलं आहेस हे त्याला पटवणं अवघड. या तत्त्वाला अनुसरून अमेरिकेतल्या लाँग बीचच्या आमच्या ख्मेर, म्हणजे कंबोडियन, ख्रिस्ती मंडळीने 'परतीची समिती' नेमली. समितीत पाळक रित्थी आणि मी. (तिसरा सदस्य नियमाने आवश्यक होता. तो भरकटला.)

समितीचं कार्य असं: ज्या बांधवांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे उपासनेला यायचं सोडलं, त्यांच्या घरी जाऊन प्रेमाने बसायचं आणि का येत नाही ते विचारायचं. पद्धत अत्यंत परिणामकारक आहे, परिणाम माझ्या पोटावर दिसतो. आमच्या माणसाला अवघड प्रश्न विचारला की तो "जेवलात का?" असं विचारतो, आणि तुम्ही काही बोलेपर्यंत समोर भात आणि माशाचा आंबट रस्सा आलेला असतो. ज्याच्या घरचं खातोय त्यालाच पश्चात्ताप कर म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. निघताना सगळे म्हणतात, "येतो ना काका, या रविवारी नक्की." वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. त्यामुळे कागदोपत्री आमची मंडळी या भागातली सर्वांत मोठी मंडळी आहे. (प्रत्यक्षात खुर्च्यांच्या चार रांगा पुरतात, आणि त्यातली एक योन आजींच्या पिशव्यांना लागते.)

यंदा वरून निरोप आला. सभागृह इंग्रजी मंडळीच्या मालकीचं. त्यांचे लिंडग्रेन साहेब ईस्टरनंतरच्या रविवारी येऊन डोकी मोजणार. तीस भरली तर ठीक. नाहीतर ख्मेर उपासना बंद आणि आम्ही सगळ्यांनी इंग्रजीत बसायचं. आता मी या देशात कित्येक वर्षं इंग्रजीत कर भरतोय, दोन दाढाही इंग्रजीत काढून घेतल्या. पण मला इंग्रजीत रडता येत नाही. तिकडे कंबोडियात मागे राहिलेल्या माझ्या माणसांची नावं इंग्रजी प्रार्थनेत घेतली, की ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटतात. मी घाबरलो होतो, हे सरळ सांगून टाकतो.

समितीने तातडीने घरोघर चौकशी केली. भरकटलेल्यांच्या उत्तरांत दुर्मीळ एकमत आढळलं. "थावी मावशी तरी कुठे येतात? त्या आल्या की आम्ही येऊच."

थावी मावशींचं अनाहाइम रस्त्यावर डोनटचं दुकान. रविवारी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण आसपासच्या झाडून सगळ्या मंडळ्यांचे उपासनेनंतरचे डोनट गुलाबी खोक्यांतून तिथूनच जातात. आमचेसुद्धा. म्हणजे मावशी उपासनेला येत नव्हत्या, कारण उपासना त्यांच्यावर चालली होती. समितीला ही अडचण किरकोळ वाटली.

"एकच रविवार, मावशी," पाळक म्हणाले.

"रविवारी दुकान बंद? अहो, लोक काय समजतील?"

"चांगलंच समजतील."

"आणि तुम्ही गोड काय खाल?"

"एक दिवस नाही खाल्लं तर चालतंय की."

"बरं," त्या म्हणाल्या. "जेवलात का?"

ठरल्या रविवारी त्या आल्या. ठेवणीतलं रेशमी नेसून, नवऱ्याला आणि दोन्ही सुनांना घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. मागे योन आजी, आजींच्या पिशव्या आणि लिंडग्रेन साहेब. बाकी सभागृहात कुणी नाही. नेहमीचेही नाहीत. पाळकांनी पहिलं गीत चार वेळा गायला लावलं, तरी दार काही वाजेना. एवढ्यात माझा फोन थरथरला. समितीला गेली तीन वर्षं नक्की येतो म्हणणारा माझा चुलतभाऊ वुद्धा.

"दादा, कुठे आहेस तू? थावी मावशी वारल्या."

"त्या माझ्यासमोर बसल्यात. जांभई देतायत."

"थट्टा कसली करतोस? दुकान बंद आहे."

त्याचंही बरोबर होतं. ते शटर रविवारी खाली असलेलं कुणी बघितलंच नव्हतं. सकाळी खोकी न्यायला गेलेल्या आमच्याच नेहमीच्या भाविकांनी ते पाहिलं, आणि बातमी घरोघर पोचली. समितीला जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते एका कुलपाने सकाळभरात केलं.

आम्ही सगळे गाड्यांतून तिकडे धावलो. फुटपाथवर अख्खी भरकटलेली मंडळी हजर. भाताची पातेली, उदबत्त्या, विहारातले भंतेजी. गीतं पार विसरलो म्हणून आम्हाला सांगणारा गृहस्थ पुढे उभा राहून गीत म्हणवून घेत होता. निम्मे प्रभूची प्रार्थना म्हणत होते, निम्मे उदबत्तीपुढे हात जोडून होते, काही दोन्ही उरकत होते. सगळे ख्मेरमध्ये रडत होते. मीही रडलो, मयत माझ्या शेजारी पर्स धरून उभी असताना.

मावशींनी शटरला टेकवलेला स्वतःचा फोटो न्याहाळला. "हा कुणी आणला? यात मी जाडी दिसते." मग त्यांनी कुलूप काढलं. "रडून झालं असेल तर आत या. जेवलात का?"

लिंडग्रेन साहेब नियमाचे पक्के. नियमात 'छपराखालची डोकी' एवढंच म्हटलंय. दुकानाच्या छपराखाली मावलेली त्यांनी एकोणतीस मोजली आणि तिसाव्या, भगव्या वस्त्रापाशी थबकले. "हे कोण?"

"नवीन आहेत," मी म्हणालो. "चौकशीला आलेत."

ते खोटं नव्हतं. चॉकलेटचे कुठल्या खोक्यात आहेत, याची भंतेजी चौकशी करतच होते.

अशा रीतीने ख्मेर ख्रिस्ती उपासना वाचली, आणि मंडळीने विहाराचे रीतसर आभार मानले. मावशी पुन्हा आल्या नाहीत. "मी आले की बाकीचे येत नाहीत," त्या म्हणतात. "मग कशाला सगळ्यांना देवापासून तोडू?"

समितीने मात्र कार्यपद्धती सुधारली. का येत नाही, हे आम्ही आता विचारत नाही. एकच विचारतो: एखाद्या दिवशी तुमचं दार उघडलं नाही, तर दुपारच्या आत कोण बघायला येईल? ज्याला पटकन नावं सुचतात, त्याला आम्ही भरकटलेला धरत नाही, मग तो कुठे का जाईना. बाकीच्यांकडे पुन्हा जातो.

तुम्ही आमच्या मंडळीतले नाही, ठाऊक आहे. पण इथवर आलोच आहे, तर तुम्हालाही विचारून ठेवतो. सावकाश सांगा, मला घाई नाही. आणि मी जेवून आलोय.